पातेल्याच्या मागे

गुरुवार, ता. ५

आणि वर म्हणे तुमचं नाव कुठे छापलंय, मग बदनामी कसली! नाव कशाला लागतंय? वीस वर्षं ज्या हातानं वसतिगृहातल्या पोरींना वाढलं तो हात ओळखायला नाव लागत नाही. मनगटावर तेल उडाल्याचा डाग आहे माझ्या, लिंबाएवढा. कालच्या पेपरात तो बशीएवढा आलाय. पहिल्याच पानावर, वरच्या बाजूला. अर्ध्या फोटोत माझं मोठं पातेलं, त्यात कोपरापर्यंत गेलेले माझे हात, आणि पातेल्याच्या कडीतून मागे बघितलं तर अंगठ्याएवढ्या पोरी. चादरीत घालून गाडीकडे नेताहेत त्यांना. खाली लिहिलंय, ‘पोरी मृत्यूच्या दारात, पातेलं मात्र लख्ख!’

माझं तोंड नाहीच फोटोत. हनुवटीपर्यंत कापलंय. तोंड असतं तर निदान रडून सुजलेलं दिसलं असतं.

मुलीनं पेपरच्या कचेरीत फोन लावला, तर त्यांनी नावाचं हे सांगून ठेवून दिला. मुलगी झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे, ही वही तिनंच आणली. म्हणाली, “आई, तू सांगताना चिडतेस आणि मग तारखांचा घोळ करतेस. चौकशी वीस तारखेला आहे. तोवर रोज लिहून ठेव.”

मी म्हटलं, “मी चौथी शिकलेली. मी काय लिहू?”

“बोलतेस तसं लिही. फक्त शिव्या गाळ.”

शिव्या गाळल्या तर राहतं काय?

तरी लिहिते. मी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण. दोन मजले, शहात्तर पोरी. सोमवारी संध्याकाळी जेवणं झाल्यावर पोरी ओकायला लागल्या. एकतीस जणी दवाखान्यात. नववीतली एक मंगळवारीच गेली. सगळं गाव म्हणतंय मी विष घातलं. नाही तर म्हणतात नासकं खायला घातलं. नासकं! माझ्या हातचं!

शुक्रवार, ता. ६

मंगळवारचं लिहिते, म्हणजे राहून जायला नको.

सकाळी सातला पोचले. मॅडम फाटकातच उभ्या होत्या. मॅडम म्हणजे वसतिगृहाच्या अधीक्षिका. एका रात्रीत वाळून काटकी झाल्या होत्या. म्हणाल्या, “मावशी, आधी भांडी घासून टाका. दुपारी वरचे साहेब येतील, घाण दिसायला नको. उरलंसुरलं खड्ड्यात टाका.” सोमवारी संध्याकाळची भांडी तशीच पडली होती, कारण मी पोरींजवळ होते, बादल्या उचलत. त्यांनी सांगितलं नसतं तरी मी घासलीच असती. खरकटं पातेलं शिळं झालेलं माझ्यानं बघवत नाही. आमचा माणूस गेला त्या दिवशीसुद्धा आधी भांडी पालथी घातली आणि मग रडायला बसले.

तर पातेलं अंगणातल्या नळाखाली घेतलं. तेवढ्यात एक उंच माणूस आला. अंगात सगळीकडे खिसे असलेलं जाकीट, गळ्यात कॅमेरा. मला वाटलं आरोग्य खात्याचा असेल. तो थेट जमिनीवर पालथा पडला, माझ्या पातेल्याला नाक लावून. मी बाजूला सरायला गेले तर म्हणाला, “राहू द्या मावशी. तुमचं चालू द्या.” मग म्हणाला, “जरा इकडे घेऊ का?” आणि मी हो म्हणायच्या आत पातेलं स्वतःच वीतभर सरकवलं.

मला वाटलं, भांडी किती स्वच्छ ठेवतो आम्ही ते सरकारदरबारी नोंदवतोय. म्हणून मी आणखी जोर लावून घासलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

नळापासून ती पायरी, जिथून पोरींना नेत होते, साठ पावलं आहे. फोटोत वाटतं पोरी माझ्या कोपरालाच लागून चालल्यात आणि मी मान वर करून बघत नाही.

दुपारी आरोग्य खात्याची खरी माणसं आली. अन्नाचा नमुना मागितला. कुठून देणार? मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अहो मावशी, घासून टाकलंत की काय सगळं?” गडबडीत विसरल्या असतील बिचाऱ्या, मीही सगळ्यांसमोर त्यांना तोंडघशी पाडलं नाही.

मी स्वतः जेवले होते सोमवारी. ताटभर खाल्ल्याशिवाय मी पोरींना वाढतच नाही, पहिल्या दिवसापासूनची माझी रीत. मला साधा ढेकर आला नाही. हे सांगितलं तर तिथला एक साहेब म्हणाला, “तुमची पिढी दगड पचवते.” हसले सगळे.

खालच्या मजल्यावरची मात्र एकही पोर आजारी नाही, तेवढं तरी नशीब. सगळ्या वरच्याच.

रविवार, ता. ८

टिकली गेली. सकाळी सहाला.

आठ वर्षांची. एवढीशी म्हणून सगळ्या टिकली म्हणायच्या. भारी चोखंदळ. कशालाही नाक मुरडायची, पाण्यालासुद्धा. पण भाताची तळाची खरपूड लागली की पातेल्यात डोकं घालून ओरबाडायची.

दवाखान्यात मला फाटकाच्या आत सोडलं नाही. शिपाई म्हणाला, “पातेलंवाली बाई तूच ना?”

घरी येऊन माळा झाडला. मुलगी म्हणाली, “आत्ता माळा कशाला?” झाडायचा होता म्हणून झाडला.

मंगळवार, ता. १०

मॅडम घरी आल्या. घर म्हणजे आमची दीड खोली. त्यांना खुर्ची दिली, तिचा एक पाय लटपटतो, त्या अंग चोरून बसल्या. चहाला नको म्हणाल्या. माझा हात हातात घेतला. वीस वर्षांत कधी घेतला नव्हता.

“मावशी, तुम्ही थकलात. चौकशीपर्यंत रजा घ्या. मी अर्ज टाइप करूनच आणलाय, तुम्हाला त्रास नको.”

चष्मा शिवणाच्या डब्यात होता, आणि मुलगी घरात नव्हती. मी म्हटलं, “वाचून दाखवता का?” त्यांनी वाचलं. रजेचं होतं, प्रकृतीचं होतं. दोन कागद होते, दुसरा म्हणे त्याचीच प्रत. मी सही केली. माझी सही चांगली येते, अक्षर गोल आहे.

जाताना म्हणाल्या, “आपण वीस वर्षं एकत्र काढली मावशी. एकमेकींना सांभाळायला हवं.” मला भरून आलं. सगळं गाव थुंकतंय आणि ही एक बाई घरी आली. माणूस संकटात कळतो.

मुलीला सांगितलं तर म्हणाली, “वाचल्याशिवाय सही केलीस?”

“वाचून दाखवलं त्यांनी.”

“त्यांनी!”

हिला प्रत्येकात काळंबेरं दिसतं. बापावर गेली आहे.

बुधवार, ता. ११

दुकानदारानं साखर द्यायला अर्धा तास उभं केलं. आधी माझ्या मागच्यांना दिली. मी म्हटलं, “मी विकत घेतेय, फुकट मागत नाही.” म्हणाला, “तुम्हाला घाई कसली, आता स्वयंपाक कुठे आहे?”

त्याहून वाईट संध्याकाळी कळलं. वसतिगृहावर मोर्चा निघणार म्हणून कुणी तरी मुलीच्या दुकानात तो फोटो मोठा करून घ्यायला आलं. चाळीस प्रती. तिनं काढून दिल्या. मशीनमधून एक एक माझा हात बाहेर येतोय आणि ही गोळा करतेय.

मी विचारलं, “नाही म्हणायचंस ना!”

“म्हटलं असतं, तर का म्हणून विचारलं असतं.”

जेवली नाही. मीही आग्रह केला नाही. माझ्या हातचं खा म्हणायला मलाच कसंतरी वाटलं.

शनिवार, ता. १४

आज पेपरच्या कचेरीत गेले. मुलीला न सांगता. बस बदलून बदलून दोन तास.

खाली रखवालदारानं विचारलं कोणाकडे. म्हटलं फोटोवाल्याकडे. कोणत्या? म्हटलं पातेलंवाल्या. त्याला लगेच कळलं! “तिसरा मजला,” म्हणाला. एवढं नाव काढलं बघा मी.

तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत सहा-सात शिकाऊ पोरंपोरी बसली होती आणि भिंतीवर पडद्यावर माझं पातेलं. भिंतभर. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा काठीनं दाखवत होता. फोटो विभागाचा मुख्य तो. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मी दाराशी उभी राहून ऐकलं.

म्हातारा म्हणत होता, “पोरींना गाडीत घालतानाचे फोटो त्या दिवशी चार पेपरांत आले. एक तरी आठवतो का कुणाला? नाही. का? कारण लांबून काढलेले, सपाट. हा आठवतो. कारण यानं समोर काहीतरी धरलं. दाराची चौकट घ्या, कुणाचा खांदा घ्या, फांदी घ्या, भांडं घ्या. जवळचं मोठं, लांबचं लहान. त्यानं फोटोला खोली येते. ही कडी बघा, नजर बरोबर तिच्यातून आत जाते आणि पोरींवर थांबते. बघणाऱ्याला वाटतं, मी तिथंच उभा आहे.”

माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, “मी तिथंच उभी होते. मला विचारा.”

सगळ्यांच्या माना वळल्या. मी बाही वर करून मनगट पुढे केलं. एका पोरीनं पडद्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

म्हातारा सज्जन निघाला. खुर्ची दिली. म्हणाला, “बाई, आम्ही तुमच्यावर आरोप केलेला नाही. भांडं हे एक प्रतीक आहे.”

मी म्हटलं, “भांडं हे भांडं आहे. त्यात शहात्तर पोरींचा भात शिजतो. आणि ती पायरी साठ पावलांवर आहे. तुमच्या पडद्यावर ती साठ पावलं कुठे गेली?”

म्हणाला, “ती भिंगाची करामत. त्यात खोटं काही नसतं.”

“मग खरं तरी काय आहे?”

एक शिकाऊ पोरगा खुदकन हसला. म्हाताऱ्यानं त्याला बाहेर पाठवलं.

मग तो कॅमेरावाला आला, तोच खिशांचं जाकीट घातलेला. मला बघून पांढराफटक पडला. जिन्यात नेलं मला. वयानं माझ्या मुलीहून चार-पाच वर्षं मोठा असेल. नखं कुरतडलेली.

म्हणाला, “मावशी, मी खोटं काहीच काढलं नाही. समोर होतं तेच काढलं.”

“समोर होतं ते सगळं काढलंस का?”

“सगळं कसं येईल? निवडावं लागतं. तुमच्या मागे फार पसारा होता. तारा, वाळत घातलेले कपडे, वरच्या मजल्याच्या गॅलरीतून गच्चीला लावलेली शिडी, तिच्यावर एक माणूस भलंमोठं काळं झाकण धरून. बघणाऱ्याचं लक्ष तिकडेच जात होतं. पोरींवर ठरेचना. म्हणून पातेलं वीतभर सरकवलं, ते सगळं मागे झाकलं गेलं आणि फोटो जमला.”

“म्हणजे माझं पातेलं तुला पडदा म्हणून हवं होतं.”

“तसं नाही.” मग म्हणाला, “तसंच.”

खाली सोडायला आला, फोन नंबर लिहून दिला. पेपरात दुरुस्ती छापा म्हटलं, तर म्हणाला ते त्याच्या हातात नाही. कुणाच्याच हातात काही नसतं. हात फक्त माझेच दिसतात सगळ्यांना.

त्याच्या पसाऱ्याचं मला काय करायचंय? कोण शिडीवर आणि कोण झाडावर. जायचं भाडं आणि अख्खा दिवस फुकट.

रविवार, ता. १५

चौकशीची नोटीस आली. वीस तारखेला, शुक्रवारी, सकाळी अकरा. जे काही कागद, फोटो, पुरावे द्यायचे ते आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत. नंतर घेणार नाहीत. नोटिशीला एक कागद जोडलाय, ‘आपला जबाब’ म्हणून. खाली माझी गोल सही.

मुलीनं मोठ्यानं वाचला. ‘मी कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनानं सर्व भांडी घासली व उरलेलं अन्न नष्ट केलं. आदल्या दिवसाची भाजी मी वापरली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

आदल्या दिवसाची भाजी! मी!

मी म्हटलं, “मॅडमना कुणीतरी फसवून हा कागद घुसवला असणार.”

मुलगी शांतपणे म्हणाली, आणि ती शांत बोलली की मला भीती वाटते, “आई, काल कुठे गेली होतीस?”

सांगितलं सगळं. म्हाताऱ्याचं, कॅमेरावाल्याचं, पसाऱ्याचं.

“शिडीवर कोण होतं?”

“मला काय माहीत.”

“झाकण कसलं होतं?”

“काळं, मोठं. म्हणाला ना तो.”

“गच्चीवर काळं मोठं झाकण कशाला असतं?”

“टाकीला.”

“टाकीचं पाणी कुठे जातं?”

“वरच्या मजल्याला. खाली आणि स्वयंपाकघरात थेट नळाचं...”

तिथं मी थांबले. गॅसवर दूध होतं ते उतू गेलं. दोघींपैकी कुणी उठलं नाही. माझ्या घरात दूध उतू गेलं आणि मी बसून राहिले.

सोमवार, ता. १६

नळवाल्याला त्याच्या घरी गाठलं. वसतिगृहाचे सगळे नळ तोच बघतो, पंधरा वर्षं माझ्या हातचा चहा प्यायलाय. मला बघून दार लोटायला लागला. मी पाय मध्ये घातला.

“मंगळवारी सकाळी टाकीवर तू होतास?”

“हळू बोला ना मावशी.”

“होतास की नाही?”

“फोन आला मला, पहाटे. लगेच ये आणि टाकी साफ कर. दुपारच्या आत.”

“कुणाचा?”

“कुणाचा असणार?”

“आत काय होतं?”

तो बायकोकडे बघायला लागला. बायको म्हणाली, “सांगून टाक एकदा, जेवत नाहीयेस नीट.”

म्हणाला, झाकण कधीचं तडकलेलं, अर्धं उघडं. आत मेलेली कबुतरं. किती ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गाळ वीतभर. सगळं पोत्यात भरून नेलं आणि औषध मारलं. आरोग्यवाल्यांनी दुपारी पाणी घेतलं ते नव्यानं भरलेलं.

“चौकशीत हे सांगशील?”

“मला दोन पोरं आहेत मावशी. आणि टाकी मागच्याच महिन्यात साफ केली असं माझ्या सहीचं बिल आहे त्यांच्याकडे. करून घेतलंय. मी बोललो तर आधी मीच आत.”

माझ्या जिभेवर आलं होतं की मेलेल्यांनाही आया आहेत. पण हा तरी काय, माझ्यासारखाच. सही करून बसलेला. त्याच्या दारातून निघाले.

आता लिहिते ते आजच लिहिते, उद्या धीर होणार नाही.

त्या सगळ्या आजारी पडायच्या आधी, आठवडाभर आधी, टिकली स्वयंपाकघरात आली होती. रिकामी बाटली घेऊन. म्हणाली, “मावशी, वरच्या पाण्याला वास येतो. इथलं भरून घेऊ?” माझे दोन्ही हात शेगडीवर अडकलेले, एक पोर भरायला लागली की सगळ्या खाली येणार आणि माझ्या पायात लुडबुडणार. मी म्हटलं, “वास येतो तर नाक धरून पी. इथं गर्दी करायची नाही.”

ती नाक धरून दाखवून हसली आणि गेली.

मी मॅडमना सांगितलं नाही. वर जाऊन बघितलं नाही. पोरी नखरे करतात म्हटलं आणि कणीक मळली.

दोन आठवडे मी ओरडतेय की माझ्या हातानं काही झालं नाही. हातानं नाहीच झालं.

मंगळवार, ता. १७

मुलीनं वही वाचली. म्हणाली, “कालचं पान फाड.”

“का?”

“का म्हणजे? तुला काही सुटायचंय की नाही? टाकीचं तेवढं सांग. नाक धरायचं कुणाला ठाऊक आहे? तू आणि ती. ती...”

तिनं वही मिटली.

मी म्हटलं, “पुढचं मोठं करून मागचं झाकायचं, हे त्या पेपरवाल्यानं केलं, मॅडमनी केलं. मला शिकवू नकोस.”

“त्यांना पगार मिळतोय अजून. तुला घरी बसवलंय.”

“मग बसू. पण सांगणार दोन्ही.”

तिनं ताट आपटलं. मग बाहेर जाऊन तोंड धुऊन आली आणि म्हणाली, “फोन लाव त्या कॅमेरावाल्याला.”

लावला. विचारलं, त्या दिवशी किती फोटो काढले. म्हणाला, तेवीस. विचारलं, शिडी दिसणारे किती. म्हणाला, पातेलं सरकवायच्या आधीचे चार-पाच. एकात झाकण धरलेला माणूस स्पष्ट आहे, एकात गॅलरीत एक बाई वर बघत उभी आहे, हात कमरेवर.

“साडी कसली?” मी विचारलं.

“बघावं लागेल. मोठा करून बघितला तर चेहरा येईल.”

“मग दे ते मला.”

म्हणाला, न छापलेले फोटो बाहेर द्यायची परवानगी नाही. वर विचारावं लागेल. शिवाय, मावशी, ते फोटो चांगले नाहीत, समोर काहीच नाही, विस्कळीत आहेत.

विस्कळीत! मी म्हटलं, “बाबा, मला भिंतीवर लावायचे नाहीत.”

“पण लोक विचारतील की मग हाच का छापला.”

“विचारू देत की.”

“माझी नोकरी नवी आहे मावशी.”

आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही. मुलीच्या फोनवरून लावला, तोही नाही.

बुधवार, ता. १८

आज पत्र लिहिलं. मुलगी सांगत होती, ‘सविनय’ घाल, ‘कृपया’ घाल. मी म्हटलं, माझ्या तोंडून ते निघत नाही, कागदावर तरी कसं निघेल. शुद्धलेखन तेवढं तिनं बघितलं. दोन प्रती काढल्या तिच्या दुकानात. एक म्हाताऱ्याला, एक कॅमेरावाल्याला. मी स्वतः जाऊन दोघांच्या हातात दिली आणि पोच म्हणून सही घेतली. पोच वाचून घेतली आधी, पूर्ण.

इथं उतरवून ठेवते.

‘फोटो विभागाच्या मुख्यांना आणि फोटो काढणाऱ्याला,

मी ती पातेलंवाली बाई. तुमच्या फोटोनं माझं जे व्हायचं ते झालं, ते भरून द्या म्हणून हे पत्र नाही.

त्या दिवशीचे तेवीस फोटो तुमच्याकडे आहेत. त्यातले चार-पाच पातेलं सरकवायच्या आधीचे आहेत. त्यात टाकीवरचा माणूस आहे, झाकण आहे आणि खाली उभी असलेली बाई आहे. दोन पोरी कशानं गेल्या ते त्या फोटोंत आहे. दुसरीकडे कुठेही नाही. पाणी बदललं, टाकी धुतली, बिल खोटं केलं, आणि भांडी मी घासली. बोलणारा माणूस घाबरलाय. उरलं ते तुमच्या मशीनमध्ये.

तुम्ही म्हणालात, समोर काही ठेवलं की नजर आत जाते. तुमच्या फोटोत नजर आत गेली ती पोरींपर्यंत आणि तिथंच थांबली. त्यांच्याही मागे बघायचं होतं. मला दोष द्यायचा तर द्या, माझ्या वाट्याचा आहे तो मी शुक्रवारी उभी राहून सांगणार आहे, तो झाकायला मला पातेलं नको. पण माझ्या आड दुसरं कुणी उभं राहिलेलं मला चालणार नाही.

टिकलीच्या आईनं मला काल विचारायला माणूस पाठवला होता, की माझ्या लेकीनं शेवटचं काय खाल्लं. मी निरोप दिला, खाण्यानं नाही गेली, शुक्रवारी सांगते. आता मला सांगावं लागेल. तुमच्या फोटोशिवाय सांगितलं तर म्हणतील स्वयंपाकीण स्वतःला वाचवतेय.

कागद द्यायची मुदत उद्या संध्याकाळी पाच. तुमच्या कचेरीपासून चौकशीच्या कचेरीपर्यंत दोन तास लागतात, मी जाऊन बघितलंय. म्हणून उद्या, गुरुवारी, ता. १९, दुपारी बाराच्या आत ते फोटो, सगळे, मोठे करून, न कापता, मला द्या. देणार की नाही ते तोंडानं नको, लिहून द्या. नाही म्हणायचं असेल तर तेही लिहून, खाली सही करून. तो कागद मी शुक्रवारी पोरींच्या आयांसमोर वाचेन.

मी सकाळी दहापासून तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात बसलेली असेन. बारा वाजता उत्तर द्या.’